तळ्याचा काठ कोणाचा?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मावळातील एका धरणाच्या काठावर आम्ही सकाळपासून उभे होतो. पाण्यात बचाव पथकाची रबरी होडी फेऱ्या मारत होती. आमच्या वस्तीतला १९ वर्षांचा एक मुलगा दोन दिवसांपूर्वी मित्रांबरोबर दोन मोटारसायकलींवरून इथे आला होता. आयटीआयला शिकणारा, विहाराच्या वाचनालयात बसणारा, निर्व्यसनी मुलगा. फोटो काढण्यासाठी पाण्यात उतरला, पाय गाळावरून सरकला आणि गेला. चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा देह सापडला. पंचनाम्याच्या वेळी वस्तीतला वकील म्हणून आम्ही हजर होतो. कागदावर सह्या चालू असताना बघ्यांपैकी एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, “ह्या झोपडपट्टीतल्या पोरांना कशाला पाहिजेत असली थेरं? घरात खायला नाही आणि निघाले पिकनिकला!”

आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. आई शेजारी उभी होती, भांडणाची ती वेळ नव्हती.

पण खरा धक्का पुढेच होता. आठवड्याने विहारात शोकसभा झाली. आमच्या चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, बोलायला उभे राहिले. त्यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तेही म्हणाले, “पोरांनो, विहारात या, अभ्यासिकेत बसा. तळ्यावर, डोंगरावर काय ठेवलंय आपलं?” सभेतल्या बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. आम्ही मात्र अस्वस्थ झालो. काठावरचा तो अनोळखी गृहस्थ आणि आमचा हा जुना लढाऊ सहकारी, दोघांचे हेतू अगदी वेगळे. एकाच्या बोलण्यात तुच्छता, दुसऱ्याच्या बोलण्यात काळजी. तरीही दोघांचा प्रश्न एकच होता : तुमचे तिथे काय काम?

या प्रश्नाचे उत्तर चळवळीने दिले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या समाजाला तळे म्हटले की एकच तळे आठवते, महाडचे चवदार तळे. ते योग्यच आहे. आमची वर्षाची सारी यात्रा ठरलेली असते. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, १४ एप्रिलला जयंती, विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. लाखोंचा समुदाय रेल्वेने, टेम्पोने, प्रसंगी पायी जातो आणि अभिवादन करून परत येतो. या यात्रा आमच्या अस्मितेचा कणा आहेत. पण आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. अभिवादनासाठी नव्हे, मोर्चासाठी नव्हे, लग्नासाठी किंवा मातीसाठीही नव्हे, तर केवळ आनंदासाठी आपल्या घरातली माणसे शेवटची कधी बाहेर पडली होती? आपल्या आईने सूर्य मावळताना पाण्याकडे पाहत अर्धा तास निवांत कधी घालवला होता? बहुसंख्य घरांत या प्रश्नाला उत्तर नाही. आमच्या माणसाला लढायला वेळ मिळाला, राबायला तर जन्मच मिळाला. विसाव्याला मात्र जागा मिळाली नाही.

काहीजण म्हणतील, विसावा ही चैन आहे, ती पोट भरलेल्यांनी करावी. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. माणूस आणि पशू यांत फरक आहे तो संस्कृतीचा आणि सवडीवाचून संस्कृती नाही. यंत्रामुळे कष्टकऱ्याला सवड मिळेल आणि तो माणसासारखा जगेल, असा तो युक्तिवाद आहे. हे त्यांनी नुसते लिहिले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क देणारी दुरुस्ती १९४५ ची आहे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. संविधानाचा अनुच्छेद ४३ आमच्यापैकी किती जणांनी वाचला आहे? कामगाराला निर्वाह वेतन मिळावे एवढेच त्यात नाही. त्याला फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता यावा, सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळाव्यात, यासाठी राज्याने झटावे, असे तो अनुच्छेद सांगतो. फुरसत हा शब्द आमच्या संविधानात आहे! तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, न्यायालयात दाद मागून लगेच मिळणारा हक्क नव्हे, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. पण देशाने जी दिशा मान्य केली तीत सफाई कामगाराचा रविवारही आहे, एवढे तरी त्यातून निश्चित सिद्ध होते.

बाबासाहेब स्वतः सहलीला निघाले होते, हेही आपण विसरतो. १९३४ साली चळवळीतील सुमारे ३० सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला गेले. वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले. किल्ल्याच्या दाराशी एक लहानसे पाण्याचे टाके होते, त्यात त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात अस्पृश्यांनी टाके बाटवले असा गलका झाला, जमाव जमला. बरीच वादावादी होऊन अखेर आत जाऊ दिले, ते किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारी शिपाई दिला. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. ते सत्याग्रहाला गेलेले नव्हते, पर्यटक म्हणून गेले होते. म्हणजे तळ्यावर सहज जाणे हेसुद्धा आमच्यासाठी सहज नव्हते. ज्यांना ते सहज होते त्यांनी त्याला निसर्गप्रेम म्हटले आणि आमचे जाणे थेर ठरले.

आता त्या मुलाच्या मृत्यूकडे येऊ. तो बेफिकिरीने गेला असे वर्तमानपत्रात छापून आले. बेफिकिरी होतीच, ती आम्ही नाकारत नाही. पण आणखी एक कारण आहे, ते कोणत्याच बातमीत येत नाही. गावातला मुलगा पोहायला शिकायचा तो विहिरीत. बाप किंवा चुलता कमरेला दोर किंवा पाठीला सुका भोपळा बांधून त्याला पाण्यात ढकलायचा. आमच्या बापाची विहीर कुठे होती? सवर्णांच्या विहिरीवर ओंजळ पसरून वरून पाणी वाढण्याची वाट पाहणाऱ्याच्या मुलाने त्या विहिरीत सूर मारायचा? पिढ्यान् पिढ्या आमचा आणि खोल पाण्याचा संबंध आला तो तहानेपुरता. पुढे आम्ही शहरात आलो, वस्तीत नळाला रांगा लावल्या. पालिकेचा जलतरण तलाव होता, पण त्याचे शुल्क, पोशाख आणि वेळा आमच्या मुलांसाठी नव्हत्या. पाण्याची भीती गेली, पण पाण्याची विद्या आली नाही. मोटारसायकल आली, मोबाइल आला, घाटाचा रस्ता झाला. पोर थेट ४० फूट खोल पाण्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. जातीने पाणी तोडले याचा हाही एक परिणाम आहे आणि तो आजही जीव घेतो आहे.

शिवाय धरणाचे पाणी हे गावच्या ओढ्यासारखे नसते. सह्याद्रीत आपण ज्यांना ‘लेक’ म्हणतो ते बहुतेक जलाशय नैसर्गिक तळी नव्हेत. भंडारदरा असो, मुळशी असो, पवना असो की पानशेत, ती नदी अडवून बुडवलेली खोरी आहेत. म्हणजे काठाशी दिसतो तो काठ नसून डोंगराचा उतार असतो. गुडघाभर पाण्यानंतरचे पाऊल एकदम पुरुषभर खोल पडू शकते. तळाशी गाळ, जुन्या बांधांचे दगड, बुडालेल्या झाडांची खोडे. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी कधी वाढेल याचा नेम नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. त्या कुटुंबाने कोणते थेर केले होते? पाण्याचा लोंढा एकाएकी वाढला आणि एकमेकांना धरून उभी असलेली माणसे डोळ्यांदेखत गेली. अशा वेळी धावून जातात ती शिवदुर्ग मित्रसारखी स्थानिक बचाव पथके. दोर, होड्या आणि जीव धोक्यात घालणारी ही तरुण मुले नसती, तर अनेक घरांना देहसुद्धा मिळाला नसता. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

अशी घटना घडली की प्रशासन मनाई आदेश काढते. त्या वर्षीही पुणे जिल्ह्यात निघाला. पाण्यात उतरू नका, धोक्याच्या ठिकाणी थांबू नका, ही बंदी आम्ही समजू शकतो, ती जीव वाचवण्यासाठी असते. पण ती कोणावर बजावली जाते, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या बंगल्याचे कुंपण थेट पाण्याला भिडले आहे, त्याला कोणी हटकत नाही. एसटीतून किंवा दुचाकीवरून आलेल्याला काठी दाखवून परत पाठवले जाते. धोक्याची पाटी, दोर बांधलेली सुरक्षित हद्द, जीवरक्षक, भाड्याने मिळणारे लाइफ जॅकेट यांवर खर्च करण्यापेक्षा आदेश काढणे स्वस्त पडते. परिणामी सरकारी पैशाने बांधलेल्या जलाशयाचा काठ पैसेवाल्यांना खुला आणि गरिबाला बंद अशी नवी वहिवाट पडू लागली आहे. वहिवाट हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, त्याचे कारण पुढे येईल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवले की प्रश्नाचे उत्तर भाषणाने द्यायचे नाही. विहारातर्फे एक बस केली. ४२ माणसे, निम्म्याहून अधिक बायका आणि मुले. त्या मुलाची आई यायला तयार नव्हती. शेवटच्या क्षणी ती धाकट्या मुलीचा हात धरून आली आणि मागच्या बाकावर बसली. जायचे होते पवनेच्या काठावर. जुन्या महामार्गाने कामशेत आणि तिथून आत पवनानगरचा रस्ता.

या रस्त्यावर बेडसे लागते. शनिवार-रविवारी शेकडो मोटारी तळ्याच्या ओढीने या फाट्यावरून पुढे जातात. वर डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य आहे, याची बहुतेकांना खबर नसते. आम्ही पायऱ्या चढलो. तिथे त्रिसरण-पंचशील घेतले आणि मुलांना पाण्याचे टाके दाखवले. बेडशाच्या टाक्यावर दानाचा लेख कोरलेला आहे आणि ते दान एका स्त्रीने दिलेले आहे. जवळच भाजे लेण्यातही टाके दान दिल्याचा लेख आहे, लेखातला शब्द आहे ‘पोढी’. हा सारा प्रदेश कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटेवरचा. वर्षावासाचे महिने भिक्खू याच लेण्यांत काढत. आज ज्याला वर्षाविहार म्हणतात आणि ज्यासाठी सारे शहर या डोंगरात लोटते, तोच हा पावसाळा आणि तोच डोंगर. एका मुलाने विचारले, “सर, हे पाणी कोणी पण प्यायचं का?” भिक्षुसंघात सर्व थरांतली माणसे होती आणि टाके धर्मदानाचे होते, एवढे आम्ही सांगितले. या डोंगरात पाणी दान म्हणून खोदले गेले, ही आमची परंपरा आहे. त्यामुळे डोंगरावर काय ठेवलेय आपले, या प्रश्नाचे निम्मे उत्तर बेडशातच मिळाले.

उरलेले निम्मे तळ्यावर मिळाले, पण सुखासुखी नव्हे.

पवनेचा परिसर देखणा आहे. एका बाजूला तुंग, दुसऱ्या बाजूला तिकोना, मागे लोहगड आणि विसापूर, मध्ये निळे पाणी. बायका बसमधून उतरताच पाण्याकडे निघाल्या. पन्नास पावलांवर तारेचे कुंपण होते. आत रांगेने तंबू, बाहेर एक तरुण. काठ खासगी आहे, बुकिंग असेल तरच आत, असे त्याने सांगितले. आम्ही माणशी पैसे देऊ म्हणालो. त्याने विचारले, “कुठली ट्रिप? कोणाची?” एवढ्यात त्याची नजर बसच्या काचेवरील तथागतांच्या व बाबासाहेबांच्या फोटोकडे आणि निळ्या झेंड्याकडे गेली. मग जागा फुल्ल झाली. वर तो म्हणाला, “घोषणा वगैरे होतात, आमच्या गेस्टना त्रास होतो.” आतमध्ये भरदुपारी कर्कश गाणी चालू होती आणि बाटल्या उघड्यावर मांडलेल्या होत्या, त्याचा त्रास कोणाला होत नव्हता!

आमची तरुण मुले तापली. त्यांना आम्ही थांबवले आणि त्या तरुणाला शांतपणे एवढेच म्हणालो, “बाबा, या जागेचा सातबारा दाखव. आणि तुझे कुंपण पाण्यापर्यंत गेले आहे, त्याला जलसंपदा विभागाची परवानगी असेल तर तीही दाखव.” तो चपापला.

हा प्रश्न आमच्या मनात अचानक आला नव्हता. तो आम्ही महाडच्या खटल्यापासून शिकलो आहोत. महाडचा लढा म्हणजे मिरवणूक आणि ओंजळभर पाणी एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. त्याची कायद्याची बाजूही तितकीच भक्कम होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद व सत्याग्रह त्या ठरावाची अंमलबजावणी करण्यासाठी होता. त्यानंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे पालिकेचे नाही आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा त्यांचा पवित्रा. हा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. म्हणजे अखेरचा प्रश्न होता, तळे कोणाच्या मालकीचे आणि अडवण्याचा हक्क कोणत्या कागदावर? काठावर अडवणाऱ्या प्रत्येकाला आजही हाच प्रश्न विचारायचा असतो.

आज तर आमच्या हातात १९२७ पेक्षा कितीतरी अधिक कायदा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ असे शब्द आहेत. पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी समर्पित केलेल्या अशा जागी जातीवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात ‘स्थान’ या शब्दाच्या व्याख्येत घर आणि इमारत आहेच, शिवाय तंबू, वाहन आणि जलयान यांचाही समावेश आहे. म्हणजे तळ्याकाठचा तंबू आणि तळ्यातली होडी, दोन्ही त्या कायद्यात बसतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने नदी, तळे, पाणवठा वापरण्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला अडवणे हा गुन्हा स्पष्ट शब्दांत नोंदवला. आणि मालकीचे म्हणाल, तर मनालीजवळ बियास नदीच्या काठी एका हॉटेलासाठी प्रवाह वळवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगून टाकले की नद्या, किनारे, जंगले यांचे सरकार हे विश्वस्त आहे, ती कोणाच्या खासगी चैनीसाठी देऊन टाकता येत नाहीत. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात गावतळी ही समाजाची संपत्ती म्हणून जपावीत असे बजावले. हे कायदे आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवेत. मात्र एक खबरदारीही सांगतो. प्रत्येक ‘फुल्ल’ची पाटी म्हणजे जातिभेद नव्हे. पुरावा नसताना गुन्हा नोंदवायला धावू नये, त्याने कायदा बोथट होतो. आधी कागद मागावा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानेच काम होते.

इथेही झाले. कुंपणाच्या कडेने पाण्याकडे जाणारी पायवाट त्या तरुणाने स्वतःच दाखवली. थोड्या वेळाने तो आमच्याजवळ येऊन बसला. आवाज खाली आला होता. म्हणाला, “साहेब, आमचं तरी काय हाय इथं? आज्याची आठ एकर ह्या पाण्याखाली गेली. तंबू मुंबईच्या शेठचे. मी महिन्याच्या पगारावर. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते तिकडून सांगत्यात.” आम्ही त्याला चहा दिला. ज्याला आम्ही मालक समजत होतो तो मालक नव्हता, विस्थापिताचा नातू होता.

इथे आमच्या प्रश्नाला दुसरी बाजू आली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ज्या पाण्याकडे पाहून आम्ही सुखावत होतो ते पाणी कोणाच्या तरी घरावर उभे आहे. मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झाले. पवनेचे धरण स्वतंत्र भारतात, १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा त्यानंतर, १९७६ ला आला. तोवर १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदाच चालू होता. पुनर्वसनासाठी पवनेच्या धरणग्रस्तांना पुढची अनेक दशके आंदोलने करावी लागली. याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. आमच्या वस्तीच्या नळाला येणारे पाणी पवनेचेच आहे, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

उन्हाळ्यात पाणी उतरले की पवनेच्या पात्रातून वाघेश्वराचे जुने मंदिर वर येते. त्याचे फोटो छापून येतात, लोक पाहायला जातात. आम्ही त्या तरुणाला विचारले, “महारवाडा कुठे होता रे?” त्याला सांगता येईना. काठावर कणसे भाजणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीने हात करून दाखवले, “त्या तिकडं, वढ्याच्या पल्याड. ती मान्सं कुटं गेली कुनास ठावं.” जुन्या कायद्यात भरपाई मिळायची ती ज्याच्या नावाचा उतारा त्याला. गावकी केली, ओझी वाहिली, मेलेले ढोर ओढले, त्याच्या नावावर उतारा कुठला? अशा भूमिहीनांचा विचार केंद्राच्या भूसंपादन कायद्यात नीटपणे आला तो २०१३ साली. तोवर कितीतरी महारवाडे, ठाकरवाड्या, कातकरी पाडे यादीतही न येता बुडाले. मंदिर दरवर्षी वर येते, महारवाडा येत नाही. कदाचित आमच्या बसमधल्याच कोणाची आजी तिथून उठून पिंपरीला आली असेल!

म्हणून आम्ही तळ्यावर जायचे ते हक्काने, पण मालकासारखे नव्हे. कातकऱ्याला, ठाकराला, धरणग्रस्ताला तुच्छतेने वागवणारा, मावशीच्या कणसाचे दोन रुपये कमी करायला लावणारा आणि बाटल्या पाण्यात फेकून येणारा पर्यटक आमच्यातूनही तयार होतो आहे. त्याच्या गाडीवर निळा झेंडा असेल तर आम्हांला अधिक लाज वाटली पाहिजे. पंचशीलातले पाचवे शील विहाराच्या दारात ठेवून जायचे नसते. दारू पिऊन पाण्यात उतरणारा स्वतः बुडतो आणि वाचवायला येणाऱ्यालाही बुडवतो.

आमच्या वस्तीने मग काही गोष्टी ठरवल्या आणि आता त्या चालू आहेत. विहारातर्फे वर्षातून दोन सहली, त्यांतली एक फक्त महिलांची. पालिकेकडे अर्ज, पाठपुरावा आणि शेवटी माहितीचा अधिकार वापरून जलतरण तलावात वस्तीतल्या मुलामुलींसाठी सवलतीची वेळ मिळवली. सहलीला निघताना १०० फूट दोर आणि लाइफ जॅकेट बसमध्ये असतेच. पावसाळ्यात पाण्यात उतरायचे नाही, पाहायचे फक्त. जेवण शक्यतो स्थानिक बायकांकडून घ्यायचे आणि दर पाडायचा नाही. वाटेत लेणी असतील तर आधी लेणी. यात अवघड काहीच नाही, कोणत्याही विहार समितीला ते करता येईल. ते ज्येष्ठ कार्यकर्तेही दुसऱ्या सहलीला आले. परतताना म्हणाले, “वकीलसाहेब, एवढी वर्षं फिरलो, पण नुसतं बसायला कधी गेलोच नव्हतो.” आपण चुकलो असे ते म्हणाले नाहीत आणि आम्हीही म्हणवून घेतले नाही.

पवनेच्या त्या दिवशी त्या मुलाची आई बराच वेळ पाण्यापासून दूर बसून होती. उन्हे कलल्यावर ती उठली, काठाशी गेली, पाण्यात हात घातला आणि तोंडावरून फिरवला. मग मुलीला म्हणाली, “शिक पोहायला.” आज ती मुलगी पालिकेच्या तलावात तरंगायला शिकली आहे.

बांधवांनो, आमच्या मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हे व्यवस्थेचे काम होते आणि ते तिने हजारो वर्षे इमानेइतबारे केले. काळजीपोटी का होईना, तेच काम चळवळीने पुढे चालवू नये. महाडला बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी गेले नव्हते, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला गेले होते. माणसाला तहान असते, तसाच विसावाही लागतो. तळ्याचा काठ जनतेचा आहे आणि जनतेत आम्ही आहोत. तिथे जाऊ या, पोहायला शिकून जाऊ या आणि ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली त्यांची आठवण ठेवून जाऊ या. जयभीम!